‘पेवातले पाहुणे’ : प्रकल्प नोंदी

२८ सप्टेंबर

आमच्या व्हिडिओ गेमचा, या खेळाचा, सांगाडा आज पक्का झाला. परग्रहावरची मंडळी सांगलीच्या हळदीसाठी येतात, हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांतून, वर निघतात आणि माणसांचं रूप घेऊन एका वाड्यात मिसळतात. खेळणारा चार कॅमेऱ्यांसमोर बसलेला पहारेकरी. पडवी, स्वयंपाकघर, परसू आणि पेवाचं तोंड अशा चार जागा. एका वेळी एकच जागा दिसते, पण उरलेल्या तिन्हीकडे घडायचं ते घडतच राहतं. संशय आला की हळदीचा फवारा मारायचा. परग्रही असेल तर अंगावर लाल डाग उमटतो आणि तो कोसळतो. घरातलंच माणूस असेल तर ते चिडतं आणि गुण जातात.

साचा जुना आहे. ‘नाइट ट्रॅप’ हा असाच चित्रित केलेला खेळ १९९२ साली सेगा सीडी या खेळयंत्रावर आला. त्यात आठ जागा होत्या, आणि चित्रीकरण त्याच्या पाच वर्षं आधीचं, म्हणजे १९८७ चं. परग्रहींचा हल्ला दाखवणारा ‘ग्राउंड झिरो टेक्सस’ १९९३ चा. सेगा सीडीला पडद्यावर एका वेळी ५१२ पैकी फक्त ६४ रंग दाखवता येत. चित्र भरड, माणसं बोटभर. अशा चित्रात बारीक अभिनय विरघळून जातो. डोळे विस्फारणं, दोन पावलं मागे सरणं, हात छातीवर नेणं एवढंच पोचतं. या खेळांचा भडकपणा बराचसा इथून आला, आणि आपल्याही खेळात तो याच कारणासाठी हवा. आपल्या एकेका जागेचं चित्र ९६० बिंदू (पिक्सेल) रुंदीचं आहे, त्यात माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसणार. तेव्हा नटांना सूचना एकच: भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेला दिसेल असं करा, पण मनापासून करा. परग्रही हळदीचं पोतं हुंगतो तेव्हा त्याला ती हळद खरोखरच हवी असली पाहिजे. नट स्वतःच गालात हसला तर प्रेक्षक खेळ सोडून त्याच्याकडे बघतो.

मुखवटा खोटा दिसला तरी चालेल. बटण दाबल्यावर उत्तर उशिरा आलं किंवा चित्र उडी मारून बदललं, तर मात्र खेळ तिथेच मेला. वेळ आणि पैसा दोन्ही आधी सांध्यांवर, म्हणजे एक चित्र दुसऱ्याला जुळतं त्या जागांवर, खर्च करायचे.

३ ऑक्टोबर

चार वेगळे व्हिडिओ एकदम चालवून कॅमेरा बदलला की दुसरा दाखवायचा, ही पहिली कल्पना. गोडो या खेळ बनवायच्या इंजिनात करून पाहिलं. दोन अडचणी आल्या. चारही व्हिडिओ एकाच चौकटीवर (फ्रेमवर) राहत नाहीत. दोन-तीन मिनिटांत पडवीतली हाक स्वयंपाकघरात उशिरा ऐकू येते. शिवाय व्हिडिओचा चार वेळा उलगडा (डिकोडिंग) करण्यात साधा लॅपटॉप धापा टाकतो.

उपाय: चारही चित्रं एकाच व्हिडिओत, दोन वर दोन खाली. याला आम्ही चौखणी पट म्हणतोय. खेळात त्यातला एकच खण ताणून पूर्ण पडद्यावर दाखवायचा. कॅमेरा बदलणं म्हणजे शेडरमध्ये (चित्र पडद्यावर कसं उमटावं ते सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) दोन आकडे बदलणं, त्यामुळे बदल पुढच्याच चौकटीला होतो. चारही जागा एकाच फायलीत असल्यामुळे वेळ चुकायचा प्रश्नच उरत नाही.

मापाचा घोळ एक दिवस खाऊन गेला. पट १९२० × १०८० ठेवला तर खणाची उंची ५४० येते. गोडोत मुळातून फक्त ऑग थिओरा हा व्हिडिओचा प्रकार चालतो, आणि थिओरा चित्राचे १६ × १६ बिंदूंचे ठोकळे पाडतो. ५४० ला १६ ने नि:शेष भाग जात नाही. मधल्या रेषेवरचे ठोकळे अर्धे वरच्या खणात, अर्धे खालच्या खणात पडतात आणि स्वयंपाकघराच्या तळाशी परसातली हिरवट घाण दिसते. खणाची उंची ५४४ केली, पट १९२० × १०८८. आता ठोकळा रेषेवर तुटतो. तरीही शेजारच्या खणाची एक बारीक रेघ काठाला येत होती, कारण चित्र ताणताना शेजारचे बिंदू मिसळतात. प्रत्येक खणाच्या चारही काठांनी ४ बिंदू दाखवायचेच नाहीत असं केलं, रेघ गेली.

एक प्रकरण ६ मिनिटांचं. ६ मेगाबिट वेगाने एका प्रकरणाचे २७० एमबी होतात, चार प्रकरणांचे जवळपास १ जीबी. तेवढं परवडतं.

आवाज पटात नाही ठेवला. चार जागांचे चार ऑग ट्रॅक, गोडो ४.३ पासून आलेल्या ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्ड मध्ये एकत्र बांधले. चारही वाजत असतात, तीन मुके. कॅमेरा बदलताना आवाज एकदम तोडला की ‘टक्’ असा ठोका येतो. ४० मिलिसेकंदांत एक उतरवायचा, दुसरा चढवायचा.

९ ऑक्टोबर

प्रहाराचा सांधा. या खेळातलं सगळ्यात नाजूक काम हेच, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

मूळ पटात परग्रही दारातून येतो, थबकतो, पोत्याकडे जातो आणि दुसऱ्या दाराने निघून जातो. खेळणाऱ्याने फवारा मारला तर तो तिथेच कोसळायला हवा. म्हणजे त्या खणावर प्रहाराची वेगळी क्लिप चढते, खाली मूळ पट चालूच राहतो. क्लिप संपते तेव्हा मूळ पटात त्या जागी परग्रही असून चालणार नाही.

म्हणून लिहितानाच नियम केला: प्रहाराची वेळ संपल्यावर परग्रही मूळ पटातून ३ सेकंदांच्या आत बाहेर पडतो आणि मग निदान २ सेकंद चौकट रिकामी राहते. प्रहाराच्या क्लिपमध्ये तो कोसळतो, धूर येतो, धूर विरतो, चौकट रिकामी होते. दोन्हीकडे रिकामी चौकट असताना क्लिप काढायची. मारलं काय आणि सुटला काय, पुढचा पट एकच. त्यामुळे फाटे फुटत नाहीत आणि चित्रीकरण दुप्पट होत नाही.

फवारा कोणत्या क्षणी मारला जाईल ते माहीत नसतं, मग क्लिप सुरू कुठून करायची? परग्रही थबकतो त्या जागी. थबकणं ३० चौकटींचं, म्हणजे २५ च्या वेगाने १.२ सेकंद. तेवढा वेळ नट एकाच पवित्र्यात उभा: उजवा हात पोत्यावर, मान डावीकडे, वजन मागच्या पायावर. प्रहाराची क्लिप त्याच पवित्र्यातून सुरू होते. त्या ३० चौकटींत कधीही बटण दाबा, सांधा जुळतो. भडक नाटकात परग्रही प्रत्येक दुष्ट काम करण्याआधी क्षणभर थांबून आजूबाजूला पाहतो. तेच इथे यंत्राचं बिजागर झालं.

१४ ऑक्टोबर

लाल डागाची चाचणी. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल पडतं. खेळातलं कारणही तेच दिलंय: परग्रहींचा घाम अल्कलीचा. संगणकावर रंग भरण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर खरोखर डाग उमटलेला पाहण्यात मजा वेगळीच.

पहिला प्रयत्न: सदऱ्याला चुन्याची निवळी लावून वाळवली, वरून हळदीचं पाणी फवारलं. डाग पिवळाच. निवळी वाळताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिचा खडू होतो, अल्कली राहत नाही. ओली असतानाच फवारलं तर लाल येतो, पण सदरा आधीच भिजलेला दिसतो.

दुसरा: खाण्याचा सोडा. नारिंगी-तपकिरी छटा आली, कॅमेऱ्यात ती मळल्यासारखी दिसते.

तिसरा लागू पडला: धुण्याचा सोडा, ५ ग्रॅम १०० मिली पाण्यात. सुती कापड बुडवून वाळवलं की अल्कली कापडात टिकते आणि कापड कोरडं, पांढरं दिसतं. फवारा बसताच दीड-दोन सेकंदांत गडद लाल. टेरिकॉटवर नीट होत नाही, पाणी ओघळतं. अल्कलीत कर्क्युमिन टिकत नाही, काही मिनिटांतच लाल विटून तपकिरी होतो. म्हणून जवळचं दृश्य लगेच घ्यायचं, ‘नंतर घेऊ’ चालणार नाही.

फवाऱ्याची हळद: कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. पाण्यात कालवलेली पूड तळाशी बसते आणि तोटी तुंबते. १० ग्रॅम पूड १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवली, दुहेरी मलमलीतून आणि मग गाळणकागदातून गाळली. हा अर्क एक भाग, पाणी चार भाग. गढूळ पिवळं होतं, पण कण नाही. अर्क पेटतो, सेटवर समई, उदबत्ती, शेगडी पेटलेली असताना बाटली उघडायची नाही.

सोडा त्वचेला झोंबतो. म्हणून पूर्ण सदरा न भिजवता छातीवर ३० × ४० सेंमीचा वेगळा तुकडा वेल्क्रोने लावायचा, आत प्लास्टिकचा अस्तर, त्याच्या आत बनियन. फवारा छातीच्या खालीच, तोंडाकडे कधीही नाही, आणि फवारणाऱ्याने व नटाने दोघांनी डोळ्यांचं संरक्षण तालमीतसुद्धा. ९० सेंमी पन्ह्याच्या ५ मीटर मांजरपाटातून असे ३६ तुकडे निघाले. ११ प्रहार, प्रत्येकी तीन टेक, वर तीन शिल्लक.

१९ ऑक्टोबर

डोकी. मिरजेत तंबोऱ्यासाठी वाळवलेले मोठे भोपळे वापरतात. तडा गेलेले वाद्याला चालत नाहीत, आपल्याला चालतात. परग्रहींचं डोकं म्हणून त्याच्याइतका चांगला आकार विकत मिळायचा नाही. देठाकडून कापून आतला वाळका गर खरवडला. ती धूळ घशात बसते, मास्क लावूनच हे काम करायचं. तड्यावर आतून मलमल आणि फेविकॉलचे तीन थर.

डोळे टाकीच्या बॉलकॉकच्या चेंडूचे, मधोमध कापून काळा चकचकीत रंग. नटाला दिसण्यासाठी डोळ्यांखाली ८ मिमीची सहा-सहा भोकं. रंगाच्या ठिपक्यांत ती लपतात. आत जुन्या सायकल हेल्मेटची टोपी बसवली, नाहीतर भोपळा मानेवर फिरतो आणि परग्रही भलतीकडे बघतो. हवेसाठी ४० मिमीचा ५ व्होल्टचा पंखा, पॉवर बँकेवर. पंख्याची घरघर माइकमध्ये येते; डोकं घातलेल्यांचे सगळे संवाद नंतर भरायचे आहेत, त्यामुळे अडलं नाही. एका वेळी १० मिनिटांपेक्षा जास्त डोकं घालून ठेवायचं नाही.

२३ ऑक्टोबर

पेव. खऱ्या पेवात कोणीही उतरणार नाही, आधीच ठरवून टाकलं. तोंड अरुंद, पोट मोठं, हवा खेळत नाही; बंद पेवात प्राणवायू कमी पडून माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. जिथे पेव आहे तिथे फक्त बाहेरून, लांबून चित्र घेतलं.

तोंडाचा सेट गोदामात: १८ मिमी प्लायची ८ × ४ फुटी पाट, ९० सेंमी उंच लोखंडी घोड्यांवर, मधे ६० सेंमीचं भोक. खाली नट बसतो, स्टुलावर चढून वर येतो. भोकाच्या कडेला गोणपाट, त्यावर लाल माती, भुसा आणि फेविकॉल-पाण्याचा लेप. लेप जाड दिला की वाळताना तडकतो, आणि पेवाच्या तोंडाला तेच शोभतं. धुराचं यंत्र १,००० वॅटचं; त्याला वेगळा प्लग हवा. दिव्यांच्या बोर्डावर लावलं तेव्हा एमसीबी पडला. कोरडा बर्फ वापरायचा नाही, त्याचा वायू खाली साचतो आणि नट नेमका खालीच असतो.

१ नोव्हेंबर

चित्रीकरण, पहिले दोन दिवस: पडवी आणि स्वयंपाकघर.

कॅमेरा म्हणून फोन, वेग २५, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ३० च्या वेगावर ट्यूबलाइट लपकताना दिसते. फोकस, उजेड, रंग तिन्ही कुलूपबंद. ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी, मधल्या दांड्याला वाळूची पिशवी.

फोन ठरलेल्या वेगाने चित्र घेतोच असं नाही. २५ म्हणून घेतलेलं २४.८ आणि २५.३ यांच्यात डोलत असतं. एडिटिंगच्या आधीच सगळ्या फायली एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममधून पक्क्या २५ वर आणायच्या. हे न करता जोडलेला पहिला पट सहाव्या मिनिटाला सात चौकटी मागे होता.

स्वयंपाकघरात एक सांधा फसला. फडताळावरचा पितळी तांब्या प्रहाराच्या क्लिपमध्ये जेमतेम तीन सेंमी उजवीकडे सरकला होता. कोसळताना नटाचा कोपर फळीला लागला होता. सेटवर कोणालाच दिसलं नाही. खेळात क्लिप सुटते त्या क्षणी तांब्या टुणकन जागेवर उडी मारतो, आणि धूर, परग्रही, लाल डाग सगळं सोडून नजर तांब्यावरच जाते. त्या खणातला तेवढा भाग मूळ पटातून कापून क्लिपवर चिकटवला, निभावलं. पुढे प्रत्येक भांड्याखाली दुहेरी चिकटपट्टी.

आणखी एक नियम: मूळ टेक आणि त्याचा प्रहार यांत १० मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको. खिडकीतून येणारं ऊन जमिनीवर सरकतं. पाऊण तासाने घेतलेल्या एका प्रहारात उन्हाचा चौकोन वीतभर पुढे गेला होता. तो टेक टाकून दिला.

९ नोव्हेंबर

परसातलं दृश्य वाड्यामागच्या उसाच्या कडेला घेतलं होतं. चार प्रहार बाकी ठेवले होते, आठवड्याने गेलो तर फड रिकामा. तोड सुरू झाली की तारीख कारखान्याची, शूटिंगची नव्हे. मूळ पटात मागे दहा फूट उंच ऊस आणि प्रहारात मोकळं रान, हे कुठल्याच सांध्याने जुळत नाही. परसू पुन्हा पहिल्यापासून घेतला, यावेळी जुन्या आडाच्या भिंतीसमोर. भिंत कोणी तोडून नेत नाही. मेहनतीचे दोन दिवस गेले.

१६ नोव्हेंबर

तबकडी. १८ इंची ॲल्युमिनियमच्या दोन पराती काठाला काठ लावून, एम४ च्या बारा नट-बोल्टनी जोडल्या. वरती उपडी वाटी. ॲल्युमिनियममध्ये आख्खं युनिट दिसतं, म्हणून राखाडी प्रायमरचा मॅट हात. काठाभोवती १.४ मीटर पिवळी एलईडी पट्टी, थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मधे डिमर लावला तर चित्रात आडवे पट्टे येतात. टांगायला ०.४ मिमीचा तंगूस, तीन ठिकाणी समान अंतरावर. दोन ठिकाणी टांगली तर कलंडते.

मागे कापड निळं, हिरवं नाही. पिवळ्या उजेडात लाल आणि हिरवा दोन्ही असतात, त्यामुळे हिरवा काढताना दिव्यांच्या कडा कुरतडल्या जातात. निळा पिवळ्याच्या अगदी विरुद्ध, म्हणून कड स्वच्छ राहते. मात्र निळ्यावर उजेड जास्त टाकावा लागतो, कमी पडला की दाणे दिसतात. तबकडी आणि कापड यांत अडीच मीटर.

पार्श्वभूमीला १९२९ चा आयर्विन पूल, घाटावरून, सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत. तबकडी पुलाच्या मागून येते, कमानींवर तिचा पिवळा उजेड पडतो आणि पाण्यात थरथरणारं प्रतिबिंब. प्रतिबिंब म्हणजे तीच क्लिप उलटी करून, ४० टक्के फिकी, पाण्याच्या हालचालीने हलवलेली. हे दृश्य १२ सेकंदांचं आहे आणि खेळात एकदाच येतं, तरी त्याला तीन दिवस दिले. कृष्णेवर तबकडी उतरताना सांगलीकराला ती आपल्या नदीवर उतरल्यासारखी वाटली पाहिजे.

२४ नोव्हेंबर

परग्रहींची बोली. नटाचे मराठी संवाद साध्या माइकवर घेतले, मग छोट्या स्पीकरमधून तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवून वाजवले. घोडीवर २७ मिमीचा पिएझो (कंपनं टिपणारी चकती) चिकटवून तारांचा आवाज परत रेकॉर्ड केला. तारा आपल्या सुराशी जुळणाऱ्या स्वरांनाच साद देतात, म्हणून नटाने संवाद तंबोऱ्याच्या षड्जावर, जवळजवळ एकसुरी म्हणायचे. बोलीचालीतले चढउतार ठेवले तर तारा गप्प. जव्हारी खुली ठेवली की ‘हळद’ मधला ‘ळ’ लांब झणझणत राहतो. मूळ आवाज ३० टक्के, तारा ७० टक्के. याहून जास्त तारा केल्या तर शब्द कळत नाहीत. पिएझो थेट रेकॉर्डरला जोडला तर आवाज पत्र्यासारखा येतो, मधे १ मेगाओहमचा प्रीॲम्प हवाच.

७ डिसेंबर

चाचणी, ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर. थिओराचा उलगडा सगळा सीपीयूवर होतो. १९२० × १०८८ चा पट न अडखळता चालला. जास्त स्पष्ट खणांसाठी दुप्पट मापाचा करून पाहिला, तो अडखळला. आहे तेच माप कायम.

प्रहाराच्या क्लिपा गरज पडल्यावर उघडल्या तर पाव सेकंद काळोख येतो. आता परग्रही चौकटीत शिरला की त्याची क्लिप आधीच उघडून पहिल्या चौकटीवर थांबवून ठेवतो.

३० चौकटींचं थबकणं स्वयंपाकघरात पुरतं, परसात पुरत नाही. तिथे उजेड कमी आणि माणूस आडाच्या सावलीत; ओळखण्यातच सेकंद जातो. परसातले तीन थबकणे ४० चौकटींचे हवेत. चौकट नुसती ताणून भागणार नाही, छातीचा श्वास गोठलेला दिसतो. ते तीन मूळ टेक आणि त्यांचे प्रहार पुन्हा घ्यायचे. तुकडे शिल्लक ७, लागतील ९. मांजरपाट आणायचा आहे.